एक ठिपका सरकला त्याची गोष्ट



कीड, रोग, खते आणि बियाणे यांवर मी आजवर पुष्कळ लिहिले आणि त्याहून जास्त बोललो. बांधावर उभे राहून बोलणे हा माझा धंदाच आहे. आज मात्र मी आकाशातल्या दगडांविषयी लिहिणार आहे. भविष्याचा आणि साडेसातीचा याच्याशी काही संबंध नाही, तेव्हा पत्रिका काढून बसू नका. आणि गोष्ट शेवटी सोयाबीनच्या शेतातच येऊन थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हा माणूस भलतीकडेच कुठे चालला, असे तुम्हांला वाटायचे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझी पुतणी पुण्याहून गावी आली. येताना तिने एक लहानशी दुर्बीण आणली होती. दुर्बीण म्हटले की लांब नळी डोळ्यांपुढे येते. ही वस्तू चारपुडी डब्याएवढी. पुढे ५० मिलिमीटरचे, म्हणजे दोन इंचांचे भिंग आणि आत कॅमेरा. डोळा लावायला जागाच नाही. ती आपली आपण ताऱ्याकडे वळते आणि चित्र उमटते ते मोबाइलवर. चार दिवसांनी पुतणी परत निघाली तेव्हा म्हणाली, "काका, ही महिनाभर तुमच्याकडेच राहू द्या. पुण्यात दिव्यांच्या उजेडात निम्मं आकाश पुसून जातं. तुमच्याकडे अंधार फुकट आहे."

आमचे गाव बालाघाटच्या पठारावर आहे. फुकट मिळणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आमच्याकडे आहेत, त्यांत अंधार पहिला. रात्री वीज गेली की आकाश अगदी अंगावर येते. तेव्हा तिचे म्हणणे मला पटले. जाता जाता तिने मला एक कामही लावून दिले. तूळ राशीत सध्या वेस्टा नावाचा लघुग्रह आहे, त्याचे दोन वेगळ्या रात्री फोटो काढा आणि तो कोणता ते ओळखून दाखवा, असे ते काम होते.

लघुग्रह म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लहानमोठे लाखो दगड सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांतला पहिला, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे ज्युझेप्पे पियाझ्झी यांना दिसला. वेस्टा सापडला १८०७ साली, चौथ्या क्रमांकाने. त्याचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आणि सगळ्या लघुग्रहांत तो दिसायला तेजस्वी. दर सोळा-सतरा महिन्यांनी तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे सूर्य मावळताना हा पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. २ मे २०२५ रोजी तशी वेळ आली होती. आज नोंदलेल्या लघुग्रहांची संख्या १४ लाखांवर गेली आहे.

आता खरी अडचण ऐका. इतका मोठा दगड, पण लांब इतका की आमच्या दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसतो. तारा ठिपका, लघुग्रहही ठिपका. एका फोटोत दोन हजार ठिपके असतील तर त्यांतला लघुग्रह कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून आकाशाच्या त्याच तुकड्याचा थोड्या वेळाने दुसरा फोटो काढायचा. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकला तो लघुग्रह.

२७ एप्रिलला अमावास्या होती. २८ च्या रात्री मी गच्चीवर दुर्बीण मांडली आणि पहिला फोटो घेतला. ३० तारखेला अक्षय तृतीया. दुपारी आमरस झालेला, घरची मंडळी गच्चीवर गाद्या टाकून पडलेली. मी दुसरा फोटो घेतला आणि दोन्ही फोटो मोबाइलवर एकाआड एक आईला दाखवू लागलो. तिची ऐंशी वर्षे उलटून गेली आहेत आणि दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत. पाच-सहा वेळा पुढेमागे केल्यावर तिने बोट ठेवले. "हा बघ, हा पोरगा जागेवर नाही." तोच वेस्टा होता. दोन दिवसांत तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका पश्चिमेला सरकला होता. मी अजून दुसऱ्याच कोपऱ्यात शोधत होतो, हेही कबूल करतो.

अशी चित्रे आलटून पालटून पाहण्याची युक्ती जुनी आहे. पूर्वी फोटो काचेच्या पट्टीवर घेत. १८९१ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी फोटोवरून पहिला लघुग्रह शोधला. बराच वेळ उघडा ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारे ठिपक्यासारखे येत आणि लघुग्रह सरकत असल्यामुळे त्याची बारीक रेघ उमटे. पुढे या रेघा इतक्या झाल्या की इतर कामाचे फोटो खराब होऊ लागले आणि काही खगोलशास्त्रज्ञ लघुग्रहांना चक्क आकाशातली कीड म्हणू लागले! हे वाचल्यापासून मला या लोकांविषयी जास्तच आपुलकी वाटू लागली आहे.

यात एका शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात क्लाइड टॉमबॉ नावाचा तरुण होता. घरची शेती. कॉलेजात जायची इच्छा होती, पण गारपिटीने उभे पीक झोपवले आणि शिक्षण राहिले. गारपीट काय करते हे तुम्हांला मी सांगायला नको. हा मुलगा घरीच काच घासून दुर्बिणी बनवू लागला. जुन्या मोटारीचे आणि शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग त्याने त्यांत वापरले. त्या दुर्बिणीतून पाहून काढलेली मंगळ आणि गुरू यांची चित्रे त्याने ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेकडे पाठवली आणि १९२९ मध्ये त्याला तिथे काम मिळाले. काम कसले, तर एकाच जागेच्या दोन काचा एका यंत्रात घालायच्या आणि खटके दाबत एकदा ही, एकदा ती, असे तासन् तास पाहत राहायचे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, २३ आणि २९ जानेवारीच्या काचा पाहत असताना, त्याला एक ठिपका जरासा उडी मारताना दिसला. तो प्लूटो होता. तेव्हा त्याला नववा ग्रह म्हटले गेले. २००६ पासून तो बटुग्रहांत मोजतात.

मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. लघुग्रह तर त्याला शेकड्यांनी दिसत. हा त्यांतलाच नाही कशावरून? जवळची वस्तू भराभर सरकते, लांबची हळू. आणि हा ठिपका सहा दिवसांत लघुग्रहाच्या मानाने फारच थोडा सरकला होता. तरी टॉमबॉ लगेच ओरडत सुटला नाही. २१ जानेवारीचा, तितकासा चांगला न आलेला, तिसरा फोटो त्याने शोधून काढला आणि ठिपका तिथे हिशेबाप्रमाणे असायला हवा त्या जागी आहे की नाही ते पाहिले. होता. मग तो साहेबांच्या खोलीत गेला.

मी मात्र टॉमबॉ नव्हे. माणसाचा स्वभाव बघा. वेस्टा ओळखताच मला वाटू लागले की आपणही नवा लघुग्रह शोधावा. त्याच अक्षय तृतीयेच्या रात्री आकाशाच्या त्याच तुकड्याचे मी तासभर फोटो घेत राहिलो.

इथे एक खाचखळगा आहे, तो ज्यांच्या मुलाबाळांकडे अशी दुर्बीण येईल त्यांनी लक्षात ठेवावा. या दुर्बिणी दहा-दहा सेकंदांचे शेकडो फोटो घेतात आणि ते एकावर एक रचून एकच सुंदर चित्र बनवतात. रचताना जे सगळ्या फोटोंत एकाच जागी आहे ते उजळत जाते आणि जे जागा बदलते ते खराबी समजून पुसले जाते. म्हणजे चित्र जितके स्वच्छ, तितका लघुग्रह नाहीसा! आमच्या कचेरीत तालुक्याच्या पावसाची सरासरी काढतात तेव्हा कोरडा राहिलेला एखादा शिवार असाच पुसला जातो. म्हणून सुटे फोटो जपून ठेवायचे, आणि रचायचेच असतील तर पाच-पाच मिनिटांचे वेगवेगळे गठ्ठे करायचे. पुतणीने हे बजावून ठेवले होते, म्हणून माझे सुटे फोटो शिल्लक राहिले.

मी एका तासातले चार गठ्ठे केले आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर एकामागून एक फिरवू लागलो. मध्यरात्र उलटली होती. पहिल्याच फेरीत मला सरकणारे सात-आठ ठिपके दिसले आणि छाती धडधडू लागली. पण नीट पाहिल्यावर ध्यानात आले की ते सगळे एकाच दिशेला, एकाच वेगाने, हातात हात घालून चालले आहेत. तो कॅमेऱ्यातल्या सदोष कणांचा खेळ होता. त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. दुर्बीण रात्रभरात किंचित घसरते. फोटो ताऱ्यांवर ताऱ्या ठेवून जुळवले की तारे स्थिर राहतात आणि कॅमेऱ्यातला डाग मात्र चालू लागतो. त्याची दुसरी खूण अशी की ताऱ्याच्या ठिपक्याला कडेने मऊ पसारा असतो, तर हा डाग सुईने टोचल्यासारखा अगदी एका चौकटीपुरता असतो. नंतर एका फोटोत लांब पांढरी रेघ दिसली, पुढच्यात नाही. तो कृत्रिम उपग्रह. एका जागी धूसर पुंजका दिसला, तो चारही चित्रांत हलला नाही. ती दीर्घिका, म्हणजे लांबची आकाशगंगा.

आणि मग तो दिसला. अगदी अंधूक, पण कडा ताऱ्यासारख्या मऊ. चारही चित्रांत होता आणि प्रत्येकात सारख्या अंतराने पुढे गेलेला. हॉट पिक्सेल एका दिशेने चाललेले, हा वेगळ्याच दिशेने.

त्याचा वेग मोजला. इथे पंचांगातली मापे उपयोगी पडतात. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. पौर्णिमेचा चंद्र सुमारे तीस कला रुंद दिसतो. मंगळ-गुरूंच्या पट्ट्यातला लघुग्रह, सूर्यासमोर असताना, तासाला तीस-चाळीस विकला सरकतो. माझा ठिपका तासाला पस्तीस विकला सरकत होता. म्हणजे लघुग्रह, यात शंका नाही.

आता तो नवा की जुना, एवढेच राहिले. त्यासाठी आधी ठिपक्याचा पत्ता लागतो. आपण मोजणी करताना गट नंबरच्या चतुःसीमा पाहतो, तसे संगणक आजूबाजूच्या ताऱ्यांची ठेवण पाहून फोटोतल्या कोणत्याही ठिपक्याचा आकाशातला पत्ता काढून देतो. अमेरिकेत केंब्रिज येथे मायनर प्लॅनेट सेंटर आहे. जगातल्या सगळ्या लघुग्रहांचा सातबारा तिथे असतो म्हणा ना. अमक्या पत्त्यावर, अमक्या वेळी, नोंदलेला कोणी होता का, असे इंटरनेटवरून तिथे विचारता येते. मी पत्ता घातला, वेळ घातली २२ वाजून ४० मिनिटे, आणि भोवतालच्या दोन कलांच्या वर्तुळात शोधायला सांगितले. उत्तर आले, कोणीही नाही.

रात्रीचा दीड वाजला होता. मी सौभाग्यवतींना उठवले. त्यांनी "बरं झालं" म्हणून कूस बदलली. पण मला कुठली झोप! नाव काय द्यायचे याचा विचार करीत मी पहाटेपर्यंत गच्चीवर फिरत होतो. १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांनी शोधलेल्या लघुग्रहाचे नाव एशिया आहे. १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून सापडलेल्याचे नाव गणिती रामानुजन यांचे. पंडित जसराज यांच्या नावाच्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८ आहे. त्यांच्या जन्माची तारीख, २८ जानेवारी १९३०, उलटीकडून वाचून पाहा. मग माझ्या आईचे नाव का नको? आधी तात्पुरता क्रमांक मिळतो, कक्षा पक्की व्हायला वर्षे जातात, मग कायमचा क्रमांक आणि त्यानंतर नाव, हे सगळे मला वाचून ठाऊक होते. पण त्या रात्री माझे मन वर्षे मोजायला तयार नव्हते.

दुसरा दिवस १ मे. ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन झाले. मी शेजारच्या गुरुजींना हळूच सांगितले. हळूच सांगितलेली गोष्ट गावात किती वेळ हळू राहते? सरपंचांनी तिथल्या तिथे घोषणा केली, शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. मीही दोन शब्द बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी पुतणीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, वेळ कोणती घातलीत?"

"बावीस चाळीस. मोबाइलमध्ये होती तीच."

"ती आपली वेळ झाली. तिथं जागतिक वेळ लागते. साडेपाच तास वजा करा. सतरा दहा."

मी फोन कानाला लावूनच आकडे बदलले. उत्तर क्षणात आले. एक चार आकडी क्रमांक. माझ्या जन्माच्याही आधी सापडलेला लघुग्रह. साडेपाच तासांत तो तीन कलांहून अधिक सरकतो, आणि मी शोधत होतो दोन कलांच्या वर्तुळात. मी त्याला त्याच्याच घरी, पण भलत्याच वेळी जाऊन हाक मारली होती.

"काका," ती म्हणाली, "वेस्टा त्याच फोटोत होता ना? आधी त्याचाच पत्ता घालून बघायचा. तोही सापडला नसता, मग लगेच कळलं असतं की चूक आपल्या विचारण्यात आहे." माहीत असलेल्या गोष्टीवर आपली रीत आधी तपासून घ्यायची, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला प्रयोगशाळेत शिकवले होते. पस्तीस वर्षांनी पोरीने पुन्हा शिकवले.

त्या रात्री मी जागा राहिलो तो फजितीमुळे नव्हे. फजिती मी पचवू शकतो. "वेळ कोणती" हा प्रश्न मला दुसरीकडेच घेऊन गेला होता.

२०२३ चा खरीप तुम्ही विसरला नसाल. ऑगस्टभर पावसाने दडी मारली होती. त्या दिवसांत एका शेतकऱ्याने मला तीन एकर सोयाबीन दाखवायला नेले. वीस-पंचवीस झाडे एका कोपऱ्यात पिवळी पडली होती. जमीन चुनखडीची. दुपारचे ऊन, मला पुढे आणखी दोन गावे करायची होती. मी वाकलो, दोन पाने उलटी केली आणि निकाल दिला: लोह कमी पडले आहे, फेरस सल्फेट फवारा. पिवळेपणा कधी दिसू लागला, कालच्यापेक्षा आज वाढला का, हे मी विचारले नाही. चार दिवसांनी परत येऊन तीच झाडे पाहावीत, हे मनातही आले नाही. एकच फोटो घेतला म्हणा, आणि ठिपक्याला नाव देऊन मोकळा झालो.

तो पिवळा मोझॅक होता. लोहाची कमतरता जिथल्या तिथे राहते; मोझॅक चालतो. पांढरी माशी त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. चार दिवसांच्या अंतराने पाहिले असते तर आंधळ्यालाही कळले असते. त्या वीस-पंचवीस झाडांना तेव्हाच उपटून पुरले असते, पिवळे चिकट सापळे लावले असते, माशीचा बंदोबस्त केला असता, तर सगळे पीक वाचलेच असते असे मी म्हणत नाही; त्या वर्षी मराठवाडा-विदर्भात मोझॅकने पुष्कळ रान खाल्ले. पण काही तरी हाती लागले असते. त्याच्या काढणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. तो मला कधी एक शब्द बोलला नाही. बाजारात भेटला तेव्हा उलट म्हणाला, "साहेब, सगळ्यांचंच गेलं, तुम्ही तरी काय करणार?" मी मान हलवली. माझा निदान चुकला होता, हे मी त्याला सांगितले नाही. दोन वर्षे सांगितले नाही.

२ मे रोजी सकाळी मी आधी ग्रामपंचायतीत गेलो आणि लघुग्रह जुनाच निघाला हे सगळ्यांसमोर सांगून टाकले. सरपंच हसून म्हणाले, "मग शाल परत देता का?" नारळ तर आदल्या दिवशीच फोडला होता. तिथून मी त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो. तो कांद्याच्या चाळीत बसून कांदा निवडत होता. मी त्याला २०२३ सालचे सांगितले. त्याचा हात थांबला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं, फवारून दोन दिवस झाले तरी पिवळं पुढंच चाललंय. पण म्हटलं, साहेबांनी बघितलंय." त्याने चहा केला. चहा पिताना मला त्याच्याकडे पाहवत नव्हते.

कोणी विचारेल की या आकाशातल्या खटाटोपाचा उपयोग काय. तुमच्यातले पुष्कळजण लोणारला जाऊन आले असतील. ते सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचे विवर असाच एक दगड आदळून झाले आहे. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका दुर्बिणीला २०२४ वायआर४ हा लघुग्रह सापडला. (नावातली गंमत पाहा. वर्षाचे चोवीस पंधरवडे करतात, प्रत्येकाला एक रोमन अक्षर. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पंधरवड्याने काळ मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे सोपे जावे.) फेब्रुवारी २०२५ मध्ये, तो २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांवर गेली होती. मग जागोजागच्या दुर्बिणींतून मोजमापे येत गेली, कक्षा नेमकी होत गेली आणि ती शक्यता जवळपास नाहीशी झाली. दगड तोच होता. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले, एवढाच फरक.

नवा लघुग्रह शोधणे हौशी माणसाला आता अवघड होत चालले आहे, हेही सांगायला हवे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपले पहिले फोटो दाखवले. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात त्यांना २१०४ नवे लघुग्रह मिळाले होते! तिथे आमचे दोन इंचांचे भिंग काय करणार? पण शाळेतल्या मुलांना मोठ्या दुर्बिणीचे फोटो मिळण्याची एक सोय आहे. अमेरिकेतून चालणाऱ्या एका मोहिमेत हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे ताजे फोटो जगभरच्या शाळांना पाठवतात, त्याला पैसे पडत नाहीत. मुलांनी ते संगणकावर आलटून पालटून पाहायचे आणि सरकणारा ठिपका कळवायचा. २०२० मध्ये सुरतेच्या दहावीच्या दोन मुलींना असाच एक मिळाला. आमच्या गुरुजींनी, ज्यांच्यामुळे माझा सत्कार झाला त्यांनी, ही माहिती माझ्याकडून लिहून घेतली आहे. मी त्यांना एकच अट घातली: भिंतीवरच्या घड्याळाशेजारी जागतिक वेळेचे दुसरे घड्याळ लावा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच शेतकऱ्याचा फोन आला. सोयाबीनमध्ये पिवळी पाने दिसत होती. मी गेलो. पिवळे कधीपासून, हे आधी विचारले. मग सात झाडांना लाल दोरा बांधला, बाभळीला पाठ लावून उभा राहिलो आणि प्रत्येक झाडाचा मोबाइलवर फोटो घेतला. काही निदान सांगितले नाही.

"मग, साहेब, फवारू काय?" तो म्हणाला.

"चार दिवसांनी परत येतो, तेव्हा सांगतो."

"याल ना पण?"

चौथ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. त्याच बाभळीला पाठ लावून आम्ही दोघे मोबाइलमधला जुना फोटो आणि समोरचे झाड आळीपाळीने पाहत होतो. पाच झाडे होती तशीच होती. दोन झाडांवर पिवळे ठिपके नव्या पानांवर चढले होते आणि लगतच्या तीन झाडांना लागण दिसत होती. पान उलटले तर पांढरी माशी. ती पाचही झाडे आम्ही उपटली आणि बांधापलीकडे खड्डा करून पुरली. राहिलेल्या पाच दोऱ्यांच्या झाडांकडे आणखी चार दिवसांनी यायचे ठरले.

हात धुताना तो म्हणाला, "तुमची ती दुर्बीण एकदा आमच्या पोरांना दाखवा की."

मी वर पाहिले. आकाश गच्च भरलेले होते. दुर्बीण कधीच पुण्याला परत गेली होती. म्हटले, "दिवाळीला पुतणी येईल, तेव्हा घेऊन येतो. दोन रात्री लागतील मात्र."